तिसऱ्या खांबावरचा पिंपळ

“दादा, तुम्हाला पुलाशिवाय दुसरं काय दिसत नाही काय?” असं परवा एकानं विचारलं. चांगल्या मनानंच विचारलं. त्याच्या आधीही पुष्कळांनी विचारलंय. आमचे पाहुणे तर म्हणतात, आयर्विनचा फोटो आला की समजायचं, गडी बरा आहे. दर वेळी हसून सोडून देतो. या वेळी म्हटलं, एकदा नीट सांगून टाकावं. लांबेल थोडं. सवड असेल तेव्हा वाचा.

सांगलीकरांना आयर्विन पूल सांगायला नको. पण बाहेरगावची मंडळीही इथं आहेत, त्यांच्यासाठी दोन ओळी. कृष्णेवरचा हा दगडी, कमानींचा पूल. अलीकडं सांगली, पलीकडं सांगलीवाडी. १९२९ सालचा. चिंतामणराव पटवर्धन संस्थानिक असताना झाला, तेव्हाचे व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते उद्घाटन झालं, म्हणून हे नाव. साहेब गेला, संस्थान गेलं, नाव तेवढं राहिलं.

आम्हाला मात्र हा पूल ठाऊक आहे तो आकड्यासाठी. कृष्णेच्या पाण्याची पातळी इथं फुटांत मोजतात. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ फूट म्हणजे धोका. जुलै-ऑगस्टात सांगलीत दोन माणसं भेटली की ‘जेवलास का’च्या आधी ‘आयर्विनला किती?’ असं विचारतात. कोयनेतून किती सोडलं, अलमट्टीतून पुढं किती जातंय, हे इथली शाळकरी पोरंसुद्धा सांगतात. तासातासाला मोबाइलवर आकडा येतो आणि त्या आकड्यावर गावभागातली बाई ठरवते, गादी माळ्यावर टाकायची की अजून एक रात्र खाली झोपायचं.

माझा धंदा फोटोचा. अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, १९७४ साली गणपती पेठेजवळच्या एका बोळात स्टुडिओ काढला. पासपोर्ट फोटो, साखरपुडे, बारशी, वर्षातून एकदा शाळांचे ग्रुप फोटो. मी हाताशी आलो तोवर कलर आलं होतं, मग डिजिटल आलं, मग ड्रोन. लग्नाच्या ऑर्डरींवर घर चाललं, दोन पोरांची शिक्षणं निघाली. पुलाचे फोटो मीही शेकड्यांनी काढलेत, पण त्यात पूल नव्हता. पुढं नवरा-नवरी आणि मागं धूसर कमानी. प्री-वेडिंगवाल्यांना मागचं सगळं ब्लर पाहिजे असतं. ज्याच्या सावलीत लहानाचा मोठा झालो त्याला मी पंचवीस वर्षं पडदा म्हणून वापरला.

मग ऑगस्ट २०१९.

पाणी ४० वर आलं तेव्हा आम्ही दरवर्षीप्रमाणं खालच्या फळीवरचं सामान वरच्या फळीवर ठेवलं. २००५ चा पूर पाहिलेला, त्याच्या हिशेबानं अजून थोडं वर सरकवलं की काळजी नाही, असा अण्णांचा ठाम अंदाज. पाणी त्या हिशेबाला विचारत बसलं नाही. ५७ फुटांच्या वर गेलं. आम्ही विश्रामबागेत मावसभावाकडं, सात माणसं दोन खोल्यांत, आणि सगळ्यांच्या हातात तो आकडा. ८ तारखेला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला बोट उलटल्याची बातमी आली. पाण्यातनं सुटायला बोटीत बसलेली माणसं पाण्यातच गेली. त्या दिवसानंतर आपल्या दुकानाचं तोंडातनं काढायची लाज वाटायला लागली.

पाणी उतरल्यावर शटर उघडलं. ते चित्र सांगत बसत नाही, ज्यांनी तो गाळ काढलाय त्यांना वास अजून आठवत असेल. कॅमेरे, कॉम्प्युटर गेले ते गेले. खरं गेलं ते लोखंडी कपाटातलं. पंचेचाळीस वर्षांच्या निगेटिव्ह. प्रत्येक पाकिटावर तारीख आणि आडनाव, अण्णांच्या अक्षरात. पाण्यानं फिल्मवरचा थर फुगून सुटला होता. पट्टी हातात धरली की चित्र बोटाला चिकटून यायचं आणि खाली कोरी पट्टी राहायची. अण्णा तीन दिवस कपाटासमोर प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून एकेक पाकीट उघडत होते. उघडायचं, आडनाव वाचायचं, बादलीत टाकायचं.

त्यात एक पाकीट त्यांचं स्वतःचं होतं. स्टुडिओ काढला त्याच वर्षी काढलेला आयर्विनचा फोटो. ब्लॅक अँड व्हाइट, पहाटेचा, नदीवर धुकं आणि एक होडी. त्याची फ्रेम दुकानात गल्ल्यामागं होती, तीही सडली. मी म्हटलं, “अण्णा, हा तरी घरी ठेवायला पाहिजे होता.” ते म्हणाले, “जाऊ दे. पूल हाय की जाग्यावर. परत काढता येतोय.”

पंचनामा झाला, मदत आली, तेवढ्यात एक बरी लेन्ससुद्धा आली नसती. कर्ज काढून नवा कॅमेरा घेतला. पुलाचा फोटो कुणीच परत काढला नाही. खरं सांगू, मला त्या पुलाकडं बघवत नव्हतं. सांगलीवाडीला जायचं तर मी बायपासनं लांबून जायचो.

सात महिन्यांनी कोरोना. २२ मार्चला जनता कर्फ्यू, २४ च्या रात्रीपासून टाळेबंदी. एप्रिल-मे म्हणजे आमची सुगी. अकरा ऑर्डरी होत्या, अकराच्या अकरा गेल्या. काहींनी ॲडव्हान्स परत मागितला. त्यांचं चुकलं नाही, पण तो पैसा कॅमेऱ्याच्या हप्त्यात गेला होता. कुणाला पाच हजार, कुणाला दोन हजार असं थोडं थोडं करून फेडलं. रात्री झोप लागायची नाही. तीन वाजता उठून गॅलरीत बसायचो. बायको म्हणायची, “अहो, अंधारात बसून काय हप्ता कमी होतोय का?”

एप्रिलच्या मध्यावर एका पहाटे कॅमेरा गळ्यात अडकवून घाटाकडं निघालो. का, ते मला तेव्हाही कळलं नव्हतं. बहुतेक नवा कॅमेरा नुसता कपाटात पडून आहे याचा राग आला असावा. कोपऱ्यावर हवालदारांनी अडवलं. कुठं निघालाय? म्हटलं, पुलाचा फोटो काढायला. त्यांनी मला वरून खालपर्यंत बघितलं. “पूल काय पळून चाललाय?” मग माझ्याकडं आणखी थोडा वेळ बघून म्हणाले, “दहा मिनिटं. मास्क लावा. उद्या येऊ नका.” दुसऱ्या दिवशी मी गेलो आणि त्यांनी दुसरीकडं तोंड केलं. ते कोण, कुठले, मला माहीत नाही. आज वाचत असतील तर त्यांना नमस्कार.

घाटावर कुणी नव्हतं. एरवी पोहणारी पोरं, कपडे धुणाऱ्या बाया, गणपतीला निघालेली माणसं, पुलावरनं गाड्यांचा आवाज. त्या दिवशी पुलावर एक कुत्रं आडवं झोपलेलं. पाणी इतकं संथ की कमान आणि तिचं प्रतिबिंब यांच्यात शिवण दिसत नव्हती. मी एक फोटो काढला. वाईट आला. दुसरा काढला, तोही वाईट. लग्नात मिनिटाला दहा फोटो मारायची सवय, त्यामुळं थांबून बघायचं असतं हे हात विसरले होते. दहा मिनिटं झाली आणि लक्षात आलं की एवढ्या वेळात हप्ता आठवला नाही. गेल्या महिनाभरात असं पहिल्यांदाच झालं होतं.

मग रोज. तीच पायरी, तीच पन्नासची लेन्स. अर्धा तास. हे फोटो कुणाला द्यायचे नव्हते, त्यामुळं कुणी ‘मी जाड दिसतेय’ म्हणणार नव्हतं, कुणाची आत्या फ्रेमबाहेर राहिली म्हणून भांडण होणार नव्हतं. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा मी गिऱ्हाइकाविना फोटो काढत होतो.

बघता बघता काही गोष्टी दिसायला लागल्या. उजाडायच्या आधी सगळा दगड एकसारखा काळा असतो. ऊन आपल्या बाजूनं येतं, ते आधी वरच्या कठड्याला लागतं आणि मग खाली उतरतं, तेव्हा कळतं की दोन दगड एका रंगाचे नाहीत. पाणी कमी असताना कमान आणि प्रतिबिंब मिळून उभट आकार होतो, पाणी चढलं की तोच बसका होतो. खांबांवर जुन्या पुरांच्या पुसट रेघा आहेत, एकावर एक. हिवाळ्यात धुकं पाण्यावरनं उठतं आणि खांब गायब होतात, नुसता रस्ता हवेत राहतो. संध्याकाळी सूर्य सांगलीवाडीच्या मागं जातो, तेव्हा कमानींतून उजेड आपल्याकडं येतो आणि पूल निव्वळ सावली होतो. हे सगळं माझ्या जन्माच्या आधीपासून रोज होत होतं.

आणि तो आकडा. इतके दिवस मी पूल बघितला तो कुणीतरी घड्याळ बघावं तसा. त्या अर्ध्या तासात मात्र पाणी किती फुटांवर आहे हे विचारायची गरज पडायची नाही.

अण्णांना आल्यावर फोटो दाखवायचो. कौतुक करायचा त्यांचा स्वभाव नव्हता. “आडवी रेघ वाकडी आलीय. पूल पडाय लागलाय का?” किंवा “दगड पांढरा पडलाय, उजेड कमी घे.” एकदा मात्र बराच वेळ बघून म्हणाले, “होडी पाहिजे.” मी म्हटलं, अण्णा, टाळेबंदीत होडी कुठली? तर म्हणाले, “मग थांब. येईल कवातरी.”

दुसरी लाट आली २०२१ च्या एप्रिलात. लग्नाला २५ माणसं आणि दोन तास असा नियम निघाला. एका ऑर्डरीला मी पंचविसावा होतो, नवरीच्या काकांना दाराबाहेर थांबावं लागलं. मे महिन्यात अण्णांना ताप आला. ७४ वय, साखर होती. मिरजेत एका दवाखान्यात बेड मिळाला, तोही एका मित्राच्या ओळखीनं. आत जायला परवानगी नाही. मोबाइल तेवढा त्यांच्याजवळ.

ज्यांच्या घरचं माणूस त्या वर्षी आत होतं त्यांना ठाऊक आहे, आपण सगळे पुन्हा आकड्यावर आलो होतो. ‘आयर्विनला किती’ऐवजी ‘ऑक्सिजन किती’. तो चढला की घाबरायचं, हा उतरला की घाबरायचं, एवढाच फरक. ९४ म्हणजे बरं. ९१. ८८ म्हणजे काय ते कुणी नीट सांगायचं नाही. दवाखान्यातनं संध्याकाळी सहाच्या सुमाराला फोन यायचा. सकाळी उठल्यापासून सहापर्यंतचा वेळ कसा घालवायचा हा प्रश्न. फोन हातात घेऊन बसलं तर तो वाजत नाही, बाजूला ठेवला तर वाजल्यासारखा वाटतो.

मी घाटावर जात राहिलो. आता खरं तर लाज वाटायची. बाप दवाखान्यात आणि हा गडी फोटो काढतोय. पण घरात बसून मी आईला जास्त घाबरवत होतो. पहाटे एक फोटो काढायचा, सातच्या आत अण्णांना व्हॉट्सॲपवर पाठवायचा, असा क्रम लागला. त्यांना मास्क काढून बोलायला त्रास व्हायचा, पण टाइप करायचे. एकेक ओळ. ‘बरा आलाय.’ ‘आभाळ जास्त झालं.’ ‘कालचाच पाठवलायस का?’ सिस्टरबाईंनी एकदा मला फोनवर सांगितलं, आजोबा शेजारच्या पेशंटना फोटो दाखवतात, तीन बेडवर सगळे सांगलीचेच आहेत. म्हणजे मिरजेच्या त्या वॉर्डात रोज सकाळी आयर्विन पोचत होता.

नवव्या दिवशीचा फोटो जरा जवळून घेतला होता, मोठी लेन्स लावून, नुसता तिसरा खांब आणि त्याच्या वरचा कमानीचा भाग. दुपारी एकला उत्तर आलं, “तिसऱ्या खांबाला पिंपळ आलाय बघ. डाव्या अंगाला. कुणाला तर सांग काढाय.”

मी फोटो मोठा करून बघितला. होता. दगडांच्या सांध्यातनं हातभर रोप, सात-आठ पानं. वर्षभर रोज त्या पुलाचा फोटो काढणाऱ्या माणसाला तो दिसला नव्हता. दवाखान्यात पडून, मोबाइलच्या पडद्यावर, ७४ वर्षांच्या माणसाला दिसला.

त्यानंतर त्यांचा निरोप आला नाही. अकराव्या दिवशी सकाळी फोन वाजला, सहाची वाट न बघता.

पुढचं तुमच्यातल्या अनेकांनी भोगलंय. पांढऱ्या किटमधली चार माणसं, लांबून नमस्कार, दहावं-तेरावं नावापुरतं. मी त्याबद्दल कुणाला बोल लावत नाही, त्या पोरांनी आपली माणसं आपल्यापेक्षा नीट पोचवली. पण ‘झालं’ असं वाटायला जे काही लागतं, ते मिळालं नाही.

पंधरा दिवस पुलाकडं फिरकलो नाही. मग एक दिवस आईच म्हणाली, “तू घाटावर जात नाहीस ते? घरात नुसता घुमा होऊन बसतोस.” गेलो. त्याच पायरीवर बसलो. कॅमेरा पिशवीतच. पूल तसाच होता, आणि पिंपळाला दोन पानं जास्त आली होती.

तेव्हापासून हे ‘पुलाचं वेड’ खरं सुरू झालं. त्याआधी मी स्वतःला बरं वाटावं म्हणून जायचो. आता मला एक काम सांगितलेलं होतं.

दगडी बांधकामात पिंपळ म्हणजे काय ते जुन्या वाड्यात राहणाऱ्यांना विचारा. पक्षी बी टाकतो, ते सांध्यातल्या मातीत रुजतं, मूळ केसासारखं आत शिरतं आणि मग जाड होत जातं. सांधा फाकतो, त्यात पाणी जातं, दगड सैल होतो. वरून नुसतं छाटलं तर मूळ आणखी जोमानं फुटतं. मूळ आतपर्यंत मारून सांधा पुन्हा भरून घ्यावा लागतो. फार खर्चाचं काम नाही, लवकर केलं तर.

जून २०२१ मध्ये पहिला अर्ज दिला, फोटो जोडून. ज्या कार्यालयात दिला तिथं सांगितलं, पूल आमच्याकडं नाही. दुसरीकडं गेलो, तिथले साहेब सभ्य होते, म्हणाले, पूल आमच्याकडं आहे, पण झाड आहे ना, मग परवानगी लागेल. हातभर रोपाला. मी म्हटलं, साहेब, ते झाड होईपर्यंतच थांबायचं आहे का? ते हसले. अर्जावर आवक क्रमांक मिळाला.

तेवढ्यात जुलैचा पूर. पाणी ५५ फुटांच्या आसपास गेलं. दुकान परत बुडालं, पण या वेळी सगळं वेळेत हलवलं होतं, बुडाल्या त्या फक्त भिंती. मनात एक दुष्ट विचार होता, निदान पिंपळ तरी वाहून जाईल. पाणी उतरल्यावर पहिल्यांदा तेच बघायला गेलो. तिसऱ्या खांबावर गाळ, जलपर्णी, कुणाचीतरी फाटकी ताडपत्री, आणि त्यातनं वर आलेला पिंपळ. पानं झडली होती. गणपतीपर्यंत नवी आली.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा रोपासाठी एवढं काय? मला सावित्री आठवते. २ ऑगस्ट २०१६, महाडजवळ, रात्री, पुराच्या पाण्यात ब्रिटिश काळातला पूल गेला आणि त्याच्याबरोबर एसटीच्या दोन गाड्या गेल्या. आणि २०२५ च्या जूनमध्ये, रविवारी, कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल माणसांसकट खाली आला, चार जीव गेले. असं झालं की आठवडाभर सगळ्या जुन्या पुलांच्या तपासणीचे आदेश निघतात. आयर्विनची तब्येत तशी आहे असं मी म्हणत नाही, मी इंजिनिअर नाही. एवढे पूर अंगावर घेऊन उभा आहे म्हणजे बांधणाऱ्यांनी नीट बांधलाय. पण नीट बांधलेल्या घरालासुद्धा कुणीतरी वर्षातून एकदा कौलं शाकारून द्यावी लागतात.

त्याच सुमाराला शेजारी समांतर पुलाचं काम निघालं. तो कुठून न्यायचा, कुठं उतरवायचा, पेठेचं काय होणार, यावर आपण सगळे किती भांडलो ते आठवत असेल. मी नव्या पुलाच्या विरोधात नव्हतो, आजही नाही. शंभरीकडं निघालेल्या पुलावर आणखी किती भार टाकायचा? अण्णांचाच शब्द वापरायचा तर त्याला ‘हलक्या कामावर’ घ्यायला पाहिजे. फोटोवाला म्हणून मात्र जीव थोडा खट्टू झाला. माझ्या फ्रेममध्ये आता काँक्रीटचे खांब येतात. सुरुवातीला ते टाळायला मी पायरी बदलून बघितली, वाकून, गुडघ्यावर बसून. मग सोडून दिलं. पूल जसा आहे तसा काढायचा. नदीही काही जुनी राहिलेली नाही. काठाला मेलेल्या माशांचा खच लागलेला याच पायरीवरून मी पाहिलाय, त्या दिवशी नाकाला रुमाल बांधून फोटो काढला. लोकांनी त्या फोटोला ‘सुंदर’ म्हटलं, कारण लांबून ते मासे उन्हात चांदीसारखे चमकत होते. फोटो काढणाऱ्याला आपल्या कामाची एवढी चीड कधी आली नसेल.

माझी भीती वेगळी आहे. नवा पूल झाला की जुन्याकडं बघणार कोण? वाहतूक नाही म्हणजे तक्रार नाही, तक्रार नाही म्हणजे निधी नाही. मग राहतो तो फक्त आकडा मोजायला.

पिंपळाचं सांगायचं राहिलं. चौथ्या अर्जानंतर, २०२२ च्या हिवाळ्यात, एक दिवस घाटावर गेलो तर तिसरा खांब मोकळा. कुणीतरी दोरीनं उतरून छाटला होता. मला इतका आनंद झाला की तिथून आईला फोन केला. आई म्हणाली, “मुळासकट काढलाय का?” मी मोठी लेन्स लावून बघितलं. खुंट होता, बोटभर.

त्याच सकाळी, मी लेन्स परत पिशवीत घालत होतो तेव्हा सांगलीवाडीच्या बाजूनं एक होडी आली. मासे धरणारा एकटाच माणूस, धुक्यातनं. मी घाईनं लेन्स चढवली. फोकस जुळेपर्यंत तो दुसऱ्या कमानीखाली गेला होता. एकच फोटो मिळाला, होडीचं टोक कापलेलं आणि आडवी रेघ वाकडी. तोच फ्रेम करून दुकानात गल्ल्यामागं लावलाय, जिथं अण्णांचा होता तिथंच, फक्त फूटभर वर. ज्यांना फोटोतलं कळतं ते विचारतात, हा कशाला लावलाय? तुमच्याकडं याच्यापेक्षा चांगले आहेत की.

आता या वर्षीची गोष्ट. खुंटाला तीन फांद्या आल्यात. मागच्या आठवड्यात फोटो काढला, २०२१ चा आणि हा शेजारी शेजारी ठेवला. तेव्हा सात-आठ पानं होती, आता मोजता येत नाहीत. पाचवा अर्ज लिहून तयार आहे. या वेळी दोन्ही कार्यालयांची नावं एकाच अर्जावर टाकलीत, म्हणजे ‘आमच्याकडं नाही’ म्हणायला जागा राहणार नाही. मूळ मारून सांधा भरा, नुसतं छाटू नका, हेही लिहिलंय. घाटावर फिरायला येणाऱ्या सतरा जणांनी सह्या केल्यात. आणखी कुणाला करायची असेल तर सकाळी साडेसहा ते सात मी तिथंच असतो, पुलाच्या बाजूच्या चौथ्या पायरीवर. पेन घेऊन या, माझं गेल्या आठवड्यात पाण्यात पडलंय.